उन्हात तापवलेली नीरा

त्या वर्षी आमच्या घरातून कचरा म्हणून काहीही बाहेर पडलं नाही. माणसं मात्र बाहेर पडायला लागली. आमचे हे ड्यूटी नसतानाही स्टेशनवर जाऊन बसायचे. मामंजी नेमके जेवणाच्या वेळेला कुणाच्या तरी समाचाराला निघायचे. आणि कुसुमवन्सं शेजारच्या कोकिळाबेनकडे भरतकाम शिकायला म्हणून ज्या जायच्या, त्या तिथूनच जेवून यायच्या. (दोन महिन्यांत एक रुमाल भरून झाला नव्हता!)

या सगळ्याला कारण मी. मी घाटावरची, साताऱ्याकडची. लग्न होऊन डहाणूला आले. हे डहाणू रोड स्टेशनात बुकिंग क्लार्क, मामंजी, म्हणजे माझे सासरे, जंगल खात्यातून निवृत्त झालेले, आणि कुसुमवन्सं ह्यांची धाकटी बहीण. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. थोडक्यात, मला आवरणारं घरात कुणी नव्हतं. तेव्हा मुंबई राज्य होतं, साखर-रॉकेलची ओढाताण होती, आणि दारूबंदी होती. हे शेवटचं जरा लक्षात ठेवा.

दिवाळीच्या साफसफाईत मी टोपलीभर केर घेऊन उकिरड्यावर गेले, तर तिथे आमचंच घर मांडून ठेवलेलं! आमचा दोन दात पडलेला कंगवा, आमच्या साबणाचे तुकडे, मी आदल्या दिवशी टाकलेली वांगी, ह्यांचा एका कोपरावर फाटलेला शर्ट. मला अशी शरम वाटली म्हणून सांगू! टोपली तशीच काखेला मारून मी घरी परत आले आणि सगळ्यांना समोर उभं करून सांगितलं, "आजपासून या घरात आलेली वस्तू पुरती संपल्याशिवाय बाहेर जायची नाही. आणि जी लागत नाही ती आत यायची नाही."

"आणि हा केर?" ह्यांनी टोपलीकडे बघून विचारलं.

"तो आता केर नाही," मी म्हटलं.

मी एकदा मनावर घेतलं की घेतलं. साबणाचे तुकडे थापून त्यांचा गोळा केला. त्याला फेस येत नसे, पण अंग मात्र सोलून निघे. काडेपेटीतली प्रत्येक काडी उभी चिरून एकीच्या दोन केल्या. चिरायला ह्यांच्या दाढीचं ब्लेड वापरलं, म्हणून हे रोज गालाला कापूस लावून तिकिटं फाडायला जायचे. चहाची पत्ती वाळवून दुसऱ्यांदा वापरली. मामंजींनी एक घोट घेतला आणि कपात बघत म्हणाले, "सूनबाई, हा चहा आहे की चहाची आठवण?" न्हाणीचं पाणी अळूला सोडलं, तर अळू असा माजला की वाया जाऊ नये म्हणून आठवड्यातून चार दिवस फदफदं. आणि डहाणूत चिकूला काय तोटा! चिकूच्या सालींची मी कोशिंबीर केली. (तुम्ही करू नका.)

सगळ्यात जास्त बचत केली ती सरपणात. तांब्याचा हंडा भरून अंगणात उन्हात ठेवला की दुपारपर्यंत पाणी हाताला चटका बसण्याइतकं तापायचं. एक लाकूड जाळायला नको! फक्त सगळ्यांच्या आंघोळी दुपारी व्हायच्या. ह्यांना सकाळची ड्यूटी असली की त्या दिवशी हे बिनआंघोळीचे. मी म्हटलं, "खिडकीच्या जाळीआडून कुणाला कळणार आहे?" पण उन्हावर माझा असा काही विश्वास बसला की त्यावर मी डाळ भिजवून शिजते का तेही पाहिलं. (शिजत नाही. पण दुसऱ्या दिवशी डोसे होतात.)

अशातच कुसुमवन्संना स्थळ आलं. तलासरीच्या पुढे अच्छाडकडे राहणारी मंडळी. मुलगा मधुकर, शाळेत मास्तर. मुलाचे वडील दादासाहेब म्हणजे त्या भागातले दारूबंदीचे मोठे प्रचारक! खादीचं धोतर, खादीचा सदरा, आणि पाड्यापाड्यात जाऊन दारू कशी संसार बुडवते यावर दोन-दोन तास बोलायचे. चहासुद्धा घ्यायचे नाहीत. घ्यायचे ती नीरा, ताडाची, पहाटेची ताजी. दारूला उत्तर नीरा, असं त्यांचं म्हणणं.

वन्संना याआधी बऱ्याच जणांनी पाहून नाकारलं होतं. उंची जास्त, रंग कमी, मोठ्याने हसते, असं काहीबाही निघायचंच. पण या वेळी रात्रीची भांडी विसळताना वन्सं माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, मी मास्तरणीच्या ट्रेनिंगला जात होते ना, तिथल्या वर्गात त्यांना पाहिलंय. फार बोलत नाहीत, पण चांगले आहेत. हे जमलं नाही तर मी पुन्हा कुणापुढे पोह्यांची बशी घेऊन बसायची नाही. सांगून ठेवते." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला भरून आलं. मी म्हटलं, "वन्सं, हे लग्न होणार. माझ्यावर सोडा." (माझ्यावर सोडा हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा म्हटलं आहे, आणि लोकांनी ते ऐकलं हीच त्यांची चूक.)

मंडळी यायची ती सकाळच्या एस.टी.ने. दादासाहेबांसाठी ह्यांनी कैनाडच्या बाजूने येणाऱ्या परवान्याच्या नीरेचं मोठं मडकं उजाडता उजाडता सायकलला बांधून आणलं. पोहे तयार, वन्सं तयार, मी तयार. एस.टी.चा पत्ता नाही! नऊ वाजले, दहा वाजले. शेवटी स्टँडवरून निरोप आला की अच्छाडला गाडीचं टायर फुटलंय, पाहुणे दुपारच्या गाडीने येताहेत.

ह्यांची दुपारची ड्यूटी होती. टोपी घालता घालता म्हणाले, "आता ती नीरा ओतून दे. राहायची नाही ती."

"ओतून?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "एवढं मडकंभर ओतून? या घरात?"

"अगं, उन्हं वर आली की नीरा बिघडते. इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

मी मामंजींकडे पाहिलं. मामंजी झोपाळ्यावर पेपर वाचत होते. ते पेपरातून मान न काढता म्हणाले, "तापवून ठेवली तर राहते, असं म्हणतात."

झालं! तापवूनच ठेवायची ना? एवढ्या नीरेला केवढं सरपण लागलं असतं! आणि अंगणात ऊन तर फुकट पडलेलं. मी मडकं उचललं आणि हंड्याशेजारी, भर उन्हात, स्वच्छ फडकं बांधून ठेवून दिलं. वर स्वतःवर इतकी खूश झाले की गुणगुणत आत आले.

तासाभराने फडकं उघडून पाहिलं तर वर पांढरा फेस आलेला! मी वन्संना हाक मारली. "बघा, बघा! तापायला लागली सुद्धा. दूध नाही का वर येत?"

वन्सं म्हणाल्या, "वहिनी, पण ती बुडबुडतेय."

"मग उकळी नको का यायला?"

दुपारी तीनच्या सुमाराला मडकं आतल्या आत फसफसत होतं आणि त्याच्याभोवती मधमाश्यांची जत्रा भरली होती. जरा आंबूस वासही येत होता. मी म्हटलं, आंबट तर आंबट, सरबत करू. गूळ घातला, लिंबू पिळलं, वेलदोड्याची सालंसुद्धा कुटून घातली. चव बघितली. जीभ जराशी चुरचुरली, पण लागत छान होतं. सारखी बघावीशी वाटत होती, म्हणून आणखी दोनदा बघितली.

चार वाजता पाहुणे आले. दादासाहेब, त्यांच्या थोरल्या विधवा बहीण आत्याबाई, आणि मधुकरराव. धुळीने माखलेले, उन्हाने करपलेले, टायरच्या नावाने चडफडणारे. दादासाहेबांच्या कपाळाला अशा आठ्या की हे स्थळ कसलं जमतंय! बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली. "मुलगी उंच आहे असं ऐकतो." आत्याबाई म्हणाल्या, "रंगाचंही बोलले कुणीतरी." मधुकरराव चटईच्या काड्या मोजत होते. दाराआड वन्संचा चेहरा उतरला.

मी पितळेचे मोठे पेले भरून आणले. "आधी सरबत घ्या. नीरेचंच आहे, दादासाहेब. घरात केलंय."

दादासाहेबांनी एका दमात अर्धा पेला रिकामा केला. थांबले. "वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात नीरा! आमच्याकडे इतकी छान मिळत नाही."

मामंजींनीही घोट घेतला. त्यांनी पेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग डोळे मिटून उरलेला पेला संपवला आणि अगदी शांतपणे विचारलं, "सूनबाई, अजून आहे?"

"भरपूर आहे! सगळ्यांनी घ्यायची. आणि पेल्यात टाकायची नाही हं कुणी. आमच्याकडे थेंब वाया जात नाही!" मी अभिमानाने सांगितलं. आत्याबाई थोडी ठेवू बघत होत्या, तर त्यांच्या हाताला धरून संपवायला लावली. मधुकरराव नको नको म्हणत होते, त्यांना म्हटलं, "असं कसं? वन्संनी लिंबू पिळलंय." त्यांनी लगेच पेला पुढे केला.

दुसऱ्या पेल्यानंतर दादासाहेबांच्या आठ्या एकेक करून गेल्या. "मुलगी उंच आहे ती बरी!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "शिंक्यावरचं काढायला आमच्याकडे कुणाचा हात पोचत नाही!" आणि स्वतःच खदखदून हसले. वन्सं पोहे घेऊन आल्या. रीतीप्रमाणे आत्याबाईंनी विचारलं, "गाणं येतं का?" वन्सं तोंड उघडणार एवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "थांब, आधी मीच म्हणते," आणि त्यांनी मंगळागौरीच्या फुगडीचं गाणं सुरू केलं. बसल्या जागी नव्हे, उठून! एक झिम्मा त्यांनी आमच्या कपाटाशीही खेळला.

मला कौतुक वाटत होतं. प्रवासाचा शीण नीरेने कसा झटकन गेला, असं मनात म्हणत मी मडकं आणायला मागच्या दारी गेले, तर कोकिळाबेन कुंपणाला नाक लावून उभ्या.

"बेन, आ शुं छे? वास कसला येतो?"

"नीरा आहे. उन्हात तापवली."

त्यांनी कुंपणातून हात घालून मडक्यात बोट बुडवलं, चाटलं आणि डोळे मोठे केले. "अरे भगवान! उन्हात ठेवलीस? आ तो ताडी थई गई! कडक ताडी! आणि कोणाला पाजलीस?"

मी दारूबंदीच्या प्रचारकाला, त्यांच्या विधवा बहिणीला आणि होणाऱ्या जावयाला घरात बसवून, हाताला धरून, आग्रह कर-करून ताडी पाजत होते! सांगावं, तर लग्न मोडतं, वन्सं जन्मभर घरी बसतात आणि ह्यांची नोकरीही जाते. न सांगावं, तर ती मंडळी एस.टी.त बसणार कशी आणि उतरणार कुठे? "ओतून टाक, लवकर ओत!" कोकिळाबेन म्हणाल्या. मी मडकं मोरीपाशी नेलं. वाकडं केलं. खरं सांगते, अशा वेळीसुद्धा माझा हात पुढे जाईना. एवढी नीरा, त्यात गूळ, लिंबू...

"वहिनी!" मागून गडगडाट झाला. दादासाहेब रिकामा पेला घेऊन स्वतः स्वयंपाकघरात आले होते. "आम्ही तहानलेले आणि तुम्ही ओतता?"

"दादासाहेब, आता पुरे. ती... ती जराशी उतरली आहे."

"तुम्हीच म्हणालात, थेंब वाया जाता कामा नये! तत्त्व म्हणजे तत्त्व." त्यांनी माझ्या हातातून मडकं घेतलं, पाट ओढून बसले आणि मला दारूचे दुष्परिणाम समजावून सांगायला लागले. मध्येच त्यांना स्वतःच्याच बोलण्याने रडू आलं. मग त्यांना मामंजी येऊन मिळाले, आणि दोघे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून दारूमुळे बुडालेल्या कुटुंबांसाठी हळहळत मडकं रिकामं करू लागले.

इकडे बाहेर माजघरात मधुकररावांना वाचा फुटली होती. आयुष्यात पहिल्यांदाच, असं आत्याबाई नंतर सांगायच्या. ते चटईवरून उठले, स्वयंपाकघराच्या दारात आले आणि वडिलांना म्हणाले, "बाबा, मला ही मुलगी पसंत आहे. मला ट्रेनिंगपासूनच पसंत आहे. उंची, रंग, काही बोलायचं नाही. तुम्ही गप्प बसा!"

दादासाहेबांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं. ते उठले, जरा डगमगले, आणि त्यांनी मुलाला मिठी मारली. "शाबास! माझा मुलगा बोलला! वहिनी, सुपारी आणा!" आणि तिथेच, मोरीच्या शेजारी, कुसुमवन्संच्या लग्नाची सुपारी फुटली. वन्सं मोठ्याने हसल्या. या वेळी कुणी काही म्हटलं नाही.

संध्याकाळी कोकिळाबेनच्या मालकांनी त्यांच्या ओळखीच्या ट्रकात पुढे ड्रायव्हरशेजारी बसवून मंडळींना पोचतं केलं. रात्री हे घरी आले आणि मी सगळं सांगितलं. हे खाटेवर बसले ते उठेचनात. "दारूबंदीच्या माणसाला ताडी? माझ्या घरात? कुठे गेली ती?"

"संपली," मी म्हटलं.

"जरा तळाशी होती, ती मी बघितली," मामंजी झोपाळ्यावरून म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळूच, "मला वाटलं सूनबाई, माझी दया येऊन मुद्दामच केलीत."

त्यानंतर आमचा जीव रोज टांगणीला. नशा उतरली की दादासाहेबांना कळणार, पोलीस घेऊन येणार, सुपारी परत फेकणार! वन्संनी अन्न टाकलं. (आणि मी पहिल्यांदाच त्यांना ताटात उरलेल्याबद्दल काही बोलले नाही.) चौथ्या दिवशी दादासाहेबांचा माणूस आला. मी दाराआड उभी, देवाला नवस बोलत.

निरोप असा होता: लग्न पक्कं. आणि त्याआधी दादासाहेबांनी तलासरीला दारूबंदीची जाहीर सभा ठेवली आहे. त्यात आदर्श गृहिणी म्हणून माझा सत्कार होणार!

दादासाहेबांना, त्या भल्या माणसाला, काही म्हणजे काही कळलं नव्हतं. उलट तेव्हापासून तो प्रत्येक भाषणात सांगत सुटला होता, "लोकहो, डहाणूला आमच्या व्याह्यांकडे घरच्या नीरेने मला जो आनंद झाला, तो दारूत मिळेल का? मी नाचलो नाही, पण नाचावंसं वाटलं! आत्याबाईंचा तर गुडघा दुखायचा राहिला! ही वहिनींच्या हातची कमाल. ही बाई घरात काही वाया घालवत नाही!"

"मी जायची नाही," मी म्हटलं. "मी खोटं शाल-श्रीफळ घेणार नाही. उभं राहून खरं काय ते सांगून टाकीन."

वन्सं हात जोडून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. "वहिनी, माझ्या डोक्यावर अक्षता पडू देत. मग काय ते खरं बोला."

गेले. काय करते! शाळेच्या पटांगणात मांडव, वर झेंडूच्या माळा, समोर बायकापुरुषांची ही गर्दी. आमचे हे पहिल्या रांगेत घाम पुसत, वन्सं पदराआड तोंड लपवून, मामंजी अगदी मागे. दादासाहेबांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि म्हणाले, "आता वहिनी आपल्याला सांगतील की ती नीरा त्यांनी कशी केली. घरोघरी व्हायला हवी तशी!"

घरोघरी! मी समोर पाहिलं. त्या सगळ्या बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या, कान टवकारून. उद्या याच बायका आपापल्या अंगणात मडकी उन्हात ठेवणार, आणि अख्खा तालुका दादासाहेबांच्या नावाने झिंगणार! खरं सांगावं तर वन्संचं लग्न जातं, खोटं सांगावं तर या सगळ्यांचे संसार. खादीच्या शालीत मला घाम फुटला. शेवटी मी डोळे मिटले, नारळ छातीशी घट्ट धरला आणि आयुष्यात कधी तोंडातून निघेल असं वाटलं नव्हतं ते बोलले.

"नीरा सकाळीच प्यावी. उरली तर... उरली तर ओतून द्यावी."

सभा चिडीचूप! काही वाया न घालवणारी आदर्श गृहिणी सत्काराच्या व्यासपीठावरून ओतून द्यायला सांगत होती. दादासाहेबांचं तोंड उघडंच राहिलं. आणि त्या शांततेत अगदी मागच्या रांगेतून मामंजींचा कळवळलेला आवाज आला, "ओतायची कशाला, सूनबाई? मी मेलोय का?"

शाल मला मिळाली, पण टाळ्या सगळ्या त्यांना पडल्या.